ए-१०२ मधल्या टेबल सॉबद्दल अध्यक्षांना चौथं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)

विषय : सदनिका ए-१०२ विरुद्धची नोटीस मागे घेणे आणि माझ्या आधीच्या तीन पत्रांना उत्तर मिळणे.

महोदय,

गेल्या सोमवारी बोर्डावर लागलेल्या नोटिशीत माझा सदनिका क्रमांक ठळक अक्षरांत घालून ‘निवासी जागेत सुतारकामाचा व्यवसाय सुरू असल्याचे निदर्शनास आले आहे’ असं लिहिलं आहे. ही नोटीस माझ्या वरच्या २०२ च्या तक्रारीवरून लागली आहे. पण कोणाच्या निदर्शनास आलं? समितीतल्या एकानेही माझ्या घरात पाऊल टाकलेलं नाही. २३ वर्षं मी इथे राहतो. मेंटेनन्स एकदाही थकवलेला नाही. माझ्या पत्नीला ही नोटीस दूधवाल्याकडून कळली. ते मला फार लागलं.

व्यवसाय म्हटलं की पैसे आले. मी आजवर एक रुपया घेतलेला नाही. सोसायटीच्या ऑफिसातलं मुलांच्या पुस्तकांचं कपाट मी केलं, ३०४ मधल्या आजींच्या वॉकरला ट्रे मी बसवला. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यानंतर आपल्या गणपतीचं मखर दरवर्षी विकत आणावं लागत होतं. घड्या घालून ठेवता येईल असं प्लायचं मखर मी गेल्या वर्षी करून दिलं, तेही याच टेबल सॉवर, म्हणजे टेबलात गोल पातं बसवलेल्या विजेच्या करवतीवर. आरतीला सगळी समिती त्या मखरासमोर उभी होती. तेव्हा कोणाला कारखाना दिसला नाही.

नोटिशीत ‘कारखान्यातील अवजड यंत्रे’ असे शब्द आहेत, म्हणून काय आहे ते नीट सांगतो. ३१ वर्षं मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये काढली, तेव्हा मशीन कुठे आणि कसं बसवायचं हे मला कळतं. मुलगा पुण्याला गेल्यावर त्याची १० बाय ९ ची खोली रिकामी झाली. टेबल सॉला स्वतःला जागा फारशी लागत नाही, फळीला लागते. ६ फुटी फळी चिरायची तर पात्याच्या अलीकडे ६ फूट आणि पलीकडे ६ फूट मोकळं हवं. म्हणून मशीन दाराच्या रेषेत ठेवलं आहे, चिरलेली फळी सरळ हॉलमध्ये निघते. लाकडाला खाचा पाडणाऱ्या आणि कडा घडवणाऱ्या मशीनला, म्हणजे राउटरला, वेगळं टेबल मांडायला जागाच नव्हती. मग सॉच्या उजव्या बाजूची पत्र्याची पाटी काढली, तिथे जाड प्लायची पाटी बसवली आणि राउटर तिच्याखाली उलटा टांगला. दोघांना फेन्स, म्हणजे फळी सरळ सरकवायची आधारपट्टी, एकच आणि भुसा ओढायचा व्हॅक्यूमही एकच. हे जुळवायला मला दोन महिने लागले. सॉचं टेबल आणि प्लायची पाटी यांच्यात कागदाएवढा उंचसखलपणा राहिला तरी फळी अडते.

८ बाय ४ ची अख्खी प्लाय मी वर आणतच नाही, दुकानातूनच पट्ट्या कापून घेतो. त्यामुळे लिफ्टमधले ओरखडे माझ्या प्लायचे, हे सेक्रेटरींचं म्हणणं साफ चूक आहे. वजनाचंही तसंच. मशीन १३० किलोचं आहे. भरलेलं लोखंडी कपाट याहून जड असतं आणि ते प्रत्येकाच्या घरात आहे. विजेचं म्हणाल तर मीटरपासून स्वतंत्र वायर ओढून वेगळा एमसीबी घातला आहे. सॉ आणि राउटर एका वेळी कधीच चालत नाहीत. २०२ मध्ये दिवे मंद होतात त्याचा दोष माझ्यावर का?

आता आवाज. सॉची मोटर मी मुद्दाम पट्ट्यावर चालणारी, इंडक्शनची घेतली, कारण ती शांत चालते. ब्रशच्या मोटरचं हलकं मशीन स्वस्तात मिळत होतं, पण ते किंचाळतं म्हणून घेतलं नाही. पायांखाली जाड रबराचे पॅड आहेत आणि खाली स्टिल्ट पार्किंग असल्याने माझ्याखाली कोणी राहत नाही. राउटरचा आवाज मात्र मोठा आहे, हे मी मान्य करतो. तो मिनिटाला २० हजारांच्या पुढे फिरतो. म्हणून त्याच्याभोवती प्लायची पेटी केली, आत फेल्ट लावलं, आणि मोठं बिट, म्हणजे कापणारं टोक, असलं की वेग निम्म्यावर आणतो. काम फक्त मंगळवारी आणि शनिवारी, ११ ते १. दुपारी २ ते ४ आवाज करायचा नाही हा सोसायटीचा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. १०१ च्या बेडरूममध्ये उभं राहून मोबाइलवर मोजलं तेव्हा ४८ आलं. माझ्या रस्त्याकडच्या खिडकीत मशीन बंद असताना ६८ येतं, ते मुद्दाम येऊन बघा. २०२ मध्ये मोजू द्या म्हणून मी दोनदा वर गेलो. दोन्ही वेळा दारातूनच परत यावं लागलं.

धुळीची तक्रार तर मला समजलेलीच नाही. लाकडाची बारीक धूळ छातीला वाईट असते हे मला कोणी सांगायला नको, म्हणूनच व्हॅक्यूमच्या आधी ड्रम जोडून भुसा त्यात पाडतो आणि खिडकी बंद ठेवतो. २०२ च्या गॅलरीखालच्या छज्ज्यावरची धूळ मी पांढऱ्या कागदावर गोळा केली आहे. ती करडी आहे. सागवानाचा भुसा पिवळसर तपकिरी असतो. कॅडबरी जंक्शनपासून मेट्रोचं काम इतकी वर्षं चालू होतं, ती धूळ अख्ख्या वर्तकनगरने खाल्ली आहे.

ज्यांनी तक्रार केली त्यांच्याबद्दल आजवर मी गप्प होतो. २०२ चं नूतनीकरण ४ महिने चाललं. रात्री ८ पर्यंत ब्रेकर चालायचा. माझ्या पत्नीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच दिवसांत झालं. आम्ही एका शब्दाने बोललो नाही, शेजारधर्म म्हणून. त्या कामात त्यांचं बाथरूम फोडलं गेलं, आणि तेव्हापासून माझ्या खोलीच्या भिंतीत ओल आहे. सॉचं टेबल ओतीव लोखंडाचं आहे, त्यावर गंजाचे ठिपके आले. दर शनिवारी आधी अर्धा तास ते घासतो, मेण लावतो, मग कामाला लागतो. ही ओल कळवणारी माझी तीन पत्रं आहेत. तक्रारीवर पुढच्याच बैठकीत निर्णय घेऊन पुढे १५ दिवसांत सभासदाला कळवावं, असं उपविधीत आहे. माझ्या पत्रांची पोच आहे, उत्तर नाही. त्यांची तक्रार मात्र आठवड्यात बोर्डावर.

१०१, ३०२ आणि ३०४ यांनी आपल्याला काही त्रास नाही असं मला स्वतःहून सांगितलं आहे. लेखी द्यायला ते कचरतात, कारण बोर्डावर आपलाही नंबर लागेल अशी भीती त्यांना वाटते.

माझं मागणं फार नाही. नोटीस काढा, आणि ‘व्यवसाय’ हा शब्द चुकीचा होता असं त्याच बोर्डावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत लावा. २०२ च्या बाथरूमची प्लंबरकडून तपासणी करून घ्या. आवाज खरंच मर्यादेबाहेर निघाला तर राउटर मी त्याच दिवशी काढीन, हे लिहून देतो. सॉ काढणार नाही.

येत्या शनिवारी ११ वाजता मी सागवानाची फळी चिरणार आहे, त्यानंतर राउटर चालवीन. समितीच्या दोघांनी माझ्याकडे यावं आणि दोघांनी त्याच वेळी २०२ मध्ये थांबावं. तिथली बेल आपण वाजवावी, मी वाजवली तर दार उघडत नाही.

आपला,
(सही)
सभासद, सदनिका क्र. ए-१०२