क्लबचे छप्पर कमिटीच्या मुदतीवर चालत नाही

महोदय,

मुंबई-पुण्यातल्या जुन्या क्लबांच्या आणि जिमखान्यांच्या वार्षिक सभा साधारणतः सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. त्याआधी निवडणुकीची पत्रके सभासदांच्या हाती पडतात: नवी जिम, बारचे नूतनीकरण, गच्चीवर लाउंज, जेवणाचे दर जैसे थे. छप्पर, गिलावा किंवा नोकरांची ग्रॅच्युइटी यांबद्दल त्यांत अवाक्षर नसते. क्लबचे व्यवस्थापन आणि जुन्या इमारतींची दुरुस्ती या क्षेत्रांत काम करणाऱ्या आम्हा दोघांचे म्हणणे असे, की इमारत, भांडवली निधी आणि नोकरवर्ग या तीन गोष्टी दर निवडणुकीला पणाला लागता कामा नयेत.

हा फक्त सभासदांचा घरगुती मामला नाही. 1875 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर डिसेंबर 1933 मध्ये भारतातला पहिला कसोटी सामना झाला आणि लाला अमरनाथांनी 118 धावा केल्या. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची 1919 ची मैदानी शर्यत पाहून उद्योगपती दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकला संघ पाठवण्याचा विचार पक्का झाला आणि पुढच्याच वर्षी आपले धावपटू व मल्ल अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. मरीन ड्राइव्हवरच्या जिमखान्यांची जमीन तर सरकारी, भाडेपट्ट्याची. या वास्तूंशी शहराचाही संबंध आहे.

जुन्या पॅव्हेलियनचा पहिला शत्रू पाणी. मंगळुरी कौलांचे छप्पर दरवर्षी पावसाआधी, उशिरात उशिरा मेच्या मध्यापर्यंत, चाळून घ्यावे लागते. फुटकी कौले बदलायची, रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) आणि वासे टोकदार सळईने टोचून वाळवी वा कूज पाहायची, पन्हळी साफ करायच्या. एका चौरस मीटरला साधारण 15 कौले लागतात, म्हणजे 500 चौरस मीटरच्या छपराला साडेसात हजार. त्याच मापाची निदान 5 टक्के, म्हणजे पावणेचारशे कौले गोदामात शिल्लक हवीत. ती नसली की गडबड सुरू होते. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत. कंत्राटदार नवे कौल दाबून बसवतो, कड अर्धा सेंटिमीटर उचललेली राहते आणि वाऱ्याचा पाऊस नेमका तिथून आत येतो. मग त्या फटीवर सिमेंट थापतात. ते उन्हात तडकते, तड्यांत पाणी साचते आणि खालची सागवानी रीप कुजते. त्याखाली फॉल्स सीलिंग असेल तर हे सारे तीन-चार पावसाळे कुणाला दिसतही नाही. म्हणून जुन्या छपराखाली फॉल्स सीलिंग घालूच नये, आणि असलेच तर दर दालनात माणूस आत शिरेल एवढी झडप ठेवावी.

भिंतींचे तसेच. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल कोंडते, वर चढते, क्षार फुलतात आणि पोपडे सुटतात. दुसऱ्या वर्षी तिथेच पुन्हा सिमेंट! खरा उपाय संथ आहे. सिमेंट खरवडून काढायचे, भिंत एक कोरडा ऋतू उघडी ठेवायची, मग निदान महिनाभर पाण्याखाली मुरवलेला चुना एक भाग आणि चाळलेली वाळू तीन भाग असा गिलावा करायचा. एक थर 10 ते 12 मिलिमीटरपेक्षा जाड नको. प्रत्येक थर ओलसर ठेवून सावकाश सुकू द्यायचा आणि वर चुन्याची सफेदी. या कामात ऑक्टोबर ते मे सहज जातात. वर्षभराच्या मुदतीच्या कमिटीला फीत कापायची घाई असते आणि सिमेंट पंधरा दिवसांत उरकते, म्हणून सिमेंट येते. एसीचे पाणीही विसरू नका. थंड नळीचे वेष्टण फाटले की तुळईच्या टोकावर बारमाही ठिबक सुरू होते, आणि तुळई कुजते ती नेमकी भिंतीत शिरलेल्या टोकाशी, जिथे नजर पोचत नाही.

आता पैसा. नव्या सभासदाचे प्रवेशशुल्क एकदाच येते. त्याला आणि त्याच्या कुटुंबाला सेवा मात्र चाळीस वर्षे द्यायची असते. ही रक्कम चालू खर्चात मुरवणे म्हणजे बियाणे दळून खाणे. तरी ते सर्रास होते, कारण मासिक वर्गणी वाढवणारी कमिटी निवडून येत नाही. नियम साधा असावा: प्रवेशशुल्क पूर्णपणे कायम निधीत, रोजचा खर्च वर्गणी आणि खानपानातून, आणि निधीला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेची दोन-तृतीयांश मते. ठेवींच्या व्याजावर कर नाही हा गैरसमजही सोडावा. बँक सभासद असली तरी तिच्याकडच्या मुदत ठेवींच्या व्याजाला परस्परतेचे तत्त्व, म्हणजे सभासदांनी आपसात जमवलेल्या पैशावर कर नाही हे तत्त्व, लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बंगलोर क्लबच्या प्रकरणात 2013 मध्ये स्पष्ट केले आहे. लॉन लग्नाला देऊन बाहेरच्यांकडून मिळवलेल्या पैशाचेही तेच. त्या लग्नाची किंमत मैदानही मोजते. मांडवाखाली प्लायवुडच्या फळ्या दोन दिवस राहिल्या तर गवत पिवळे पडते, आणि खेळपट्टीलगत खांब रोवले तर दाबून बसवलेल्या काळ्या मातीतली भोके रोलरने नीट भरत नाहीत.

खानपानात तोटा लपतो. क्लबला हॉटेलासारखा भाडे आणि जाहिरात यांचा मोठा खर्च नाही, त्यामुळे कच्चा माल विक्रीच्या 45 टक्क्यांपर्यंत गेला तरी गाडा चालतो. पण तो नेमका किती आहे, हेच पुष्कळ ठिकाणी ठाऊक नसते. प्रत्येक पदार्थाचे लेखी प्रमाणपत्रक हवे: कटलेटला खिमा किती ग्रॅम, बटाटा किती, ब्रेडचा चुरा किती, तळणीचे तेल कधी बदलायचे. दर तीन महिन्यांनी बाजारभाव घालून ते पुन्हा मांडायचे. यादीतले शंभर-सव्वाशे पदार्थ पन्नासांवर आणले की फ्रीजरमध्ये पडून राहणारा माल घटतो आणि पान लवकर वाढले जाते. मात्र चिली चीज टोस्ट आणि कॅरॅमल कस्टर्ड काढून टाकू नका. सभासद त्यासाठीच नातवंडांना घेऊन येतात. लाकडी छपराजवळून जाणाऱ्या धुराड्यातली चरबी ही सर्वांत मोठी आगीची भीती. जाळ्या दर आठवड्याला, आतली नळी दर तीन महिन्यांनी साफ झाली पाहिजे, आणि त्याची नोंद सही-तारखेसह राहिली पाहिजे.

आधुनिक आतिथ्य म्हणजे फक्त ॲप नव्हे. ॲपवर टेबल आरक्षित व्हावे, बिल महिन्याऐवजी त्याच रात्री दिसावे, हे चांगलेच. पण ऐंशीच्या घरातल्या सभासदासाठी सहीची चिठ्ठीही चालू राहू द्यावी, पायऱ्यांशेजारी एकास बारा उताराची रॅम्प असावी आणि स्वच्छतागृहात आधाराचे कठडे असावेत. पोशाखाच्या नियमांचा मात्र फेरविचार हवा. चेन्नईत 2014 मध्ये वेष्टी नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना एका क्लबने प्रवेश नाकारला आणि त्याच वर्षी तामिळनाडूने अशा मनाईविरुद्ध कायदा केला. धोतर, सदरा आणि कोल्हापुरी घालून आलेल्या पाहुण्याला दारात अडवण्यात कसली परंपरा?

हे सारे सांभाळायला पूर्णवेळ सचिव लागतो आणि त्याला अधिकार लागतात. आज केटरिंगचे, इमारतीचे आणि खेळांचे असे तीन उपसमिती-प्रमुख थेट बटलरला, मिस्त्रीला, माळ्याला फर्मान सोडतात. कमिटी सदस्याने नोकराला परस्पर सूचना द्यायची नाही, हे क्लबच्या घटनेतच लिहावे. कमिटीचे एक-तृतीयांश सदस्य दरवर्षी निवृत्त व्हावेत, म्हणजे चुन्याचे काम अर्ध्यावर सोडून सगळे एकदम जाणार नाहीत. दहा वर्षांचा दुरुस्ती आराखडा सर्वसाधारण सभेने एकदा मंजूर करावा आणि तो बदलायचा तर कारण लेखी द्यावे.

राहिला नोकरवर्ग. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून शेवटचे 26,000 रुपये असतील, तर नोकरीच्या दर वर्षाला 15,000 याप्रमाणे तीस वर्षे नोकरी केलेल्या वेटरची ग्रॅच्युइटी साडेचार लाख होते. असे वीस जण चार-पाच वर्षांत निवृत्त झाले तर 90 लाख. पुष्कळ क्लबांत यासाठी वेगळा निधी नसतो. मग जागा रिकाम्या ठेवून कंत्राटी मुले आणतात, जी सहा महिन्यांत बदलतात. कोणत्या सभासदाला मधुमेह आहे, कुणाला ऐकू कमी येते, पावसाळ्यात व्हरांड्याचा कोणता कोपरा गळतो, ही माहिती जुन्या माणसांबरोबर निघून जाते. ही रक्कम दरवर्षी विमागणितज्ज्ञाकडून (ॲक्च्युअरीकडून) मोजून घेऊन समूह ग्रॅच्युइटी योजनेत भरावी, आणि निवृत्तीआधी एक वर्ष त्या माणसाच्या हाताखाली कायम नेमणुकीचा नवा माणूस द्यावा.

आपले,
क्लब व्यवस्थापन व वास्तुजतन क्षेत्रातील दोन वाचक, पुणे