कानाची क्लिप आणि हृदयाचे ठोके

महोदय,
कानाला क्लिप लावून धडधड थांबवण्याच्या जाहिराती सध्या मोबाइलवर फिरतात. कल्पना थोतांड नाही, पण अर्धवट सांगितली जाते. कानाच्या भोकापुढच्या कूर्चेच्या उंचवट्यात, म्हणजे ट्रॅगसमध्ये, वेगस नर्व्हची, म्हणजे मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या आणि ठोके मंदावणाऱ्या नसेची, शाखा येते. अमेरिकेतील ५३ रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या शाखेला क्लिपमधून २० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २० ठोक्यांचा, सौम्य विजेचा प्रवाह रोज एक तास, सहा महिने दिला. अधूनमधून येणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित धडधडीचे, प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ८५ टक्के कमी भरले. तुलनेच्या गटाची क्लिप मात्र कानाच्या पाळीला होती! पाळीत ही शाखा नसते, म्हणून तिथे लावणे म्हणजे खोटा उपचारच.

प्रवाह टोचेपर्यंत वाढवून मग एक मिलिअँपिअर खाली आणायचा, रुग्णागणिक वेगळा. आधी कातडीवरचे तेल, घाम पुसायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंख्याखाली क्लिप आणि कातडीमधले, प्रवाह पसरवणारे जेल तासाभरात वाळू शकते. मग प्रवाह एका ठिपक्यात एकवटतो आणि कातडी चुरचुरते, लाल होते. अशा वेळी आकडा वाढवू नका, जेल बदला.

पाठदुखीवर विजेचा प्रवाह देणारे टेन्स मशीन घरच्या घरी कानाला लावणे आम्हाला धोक्याचे वाटते. पेसमेकर असेल किंवा ठोके मुळातच मंद असतील, तर डॉक्टरांशिवाय नाहीच. आणि धडधड थांबली तरी रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. गुठळीचा, पक्षाघाताचा धोका तेवढ्याने टळत नाही.

– हृदयरोग विभागातील काही तंत्रज्ञ, सोलापूर