डायपर कधी सोडवायचा हे बघायला शिकवणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

लेकीचा दिवसाचा डायपर सुटल्याला आता बरेच महिने झाले. तेव्हा तुमचे आभार मानले होते, पण संध्याकाळी पाळणाघराच्या दारात मुलांना न्यायला आलेल्या आईबाबांची गर्दी असते, तिथे दोन शब्दांपलीकडे बोलता येत नाही. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दामच लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे बघायला शिकवलंत ते या वयाच्या मुलांच्या कितीतरी घरांना हवं असतं.

ती दीड वर्षाची झाल्यापासून भेटेल तो विचारायचा, ‘अजून डायपर?’ मी तोच प्रश्न घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही तिचं वय विचारलं नाहीत, सुरू करा किंवा थांबा असंही म्हणाला नाहीत. एवढंच म्हणालात, ‘दुपारी झोपून उठते तेव्हा डायपर कोरडा असतो का, बघा.’ तान्ह्या बाळाचं मूत्राशय भरलं की आपोआप रिकामं होतं. भरल्याची जाणीव होणं आणि थोडा वेळ धरून ठेवता येणं, हे मेंदू आणि शरीर वाढेल तसं जमू लागतं. डायपर सलग दोन तास कोरडा राहू लागला किंवा झोपेनंतर कोरडा निघाला, की ती तयारी सुरू झाली असं समजायचं. तेव्हा तिचा तो ओलाच असायचा, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘मग अजून वेळ आहे.’ त्या एका वाक्याने माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं!

पुढे तुम्हीच एक दिवस सांगितलंत की ती खेळता खेळता मध्येच थबकते, पडद्यामागे जाऊन उभी राहते आणि चेहरा लाल करते. मला वाटायचं लपाछपी चालली आहे. तिला शी येणार हे आधी कळू लागलंय, हे तुम्ही ओळखलंत. त्याच वेळी समजावलंत की मुलं आधी ‘झाली’ म्हणून सांगतात, मग होत असताना सांगतात आणि सगळ्यात शेवटी होण्याआधी. म्हणून ओल्या चड्डीत येऊन ‘शू झाली’ म्हणणाऱ्या मुलाला ‘आधी का नाही सांगितलंस’ म्हणून रागवायचं नाही. त्याने सांगितलं, हीच तेव्हाची प्रगती. मला विचाराल तर या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि ती मला दुसऱ्या कोणीही सांगितली नव्हती.

बाकीच्या खुणा एकामागून एक दिसत गेल्या: चड्डी स्वतः खाली ओढणं, ‘बाहुली ठेव आणि इकडे ये’ असं सांगितलं की तसं करणं, आम्ही बाथरूममध्ये गेलो की मागे येऊन उभं राहणं, ओला डायपर नकोसा होणं. आता सगळं जुळून आलं असं वाटत असतानाच तिला कडक शी होऊ लागली, आणि तुम्ही पुन्हा थांबायला सांगितलंत. शी करताना दुखलं की मूल ती धरून ठेवतं, धरून ठेवली की ती आणखी कडक होते, आणि भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर येऊन शूही निसटते. आधी डॉक्टरांना दाखवा, पोट मोकळं होऊ दे, मग पॉटी, असा तुमचा आग्रह होता. कमोडवर बसवताना पायाखाली छोटं स्टूल ठेवायलाही तुम्हीच सांगितलंत. पाय लोंबकळत राहिले तर मुलाला नीट जोर करता येत नाही.

नंतर मी वाचलं की टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली हजाराहून अधिक मुलांच्या नोंदींच्या आधारे, मुलाची तयारी बघूनच सुरुवात करावी असं मांडलं होतं. त्या मुलांचा दिवसाचा डायपर सरासरी अठ्ठावीस महिन्यांच्या आसपास सुटला होता. तुम्ही कधी कोणा तज्ज्ञाचं नाव घेतलं नाहीत. इतकी मुलं हाताखालून गेल्यावर, आणि प्रत्येकाकडे नीट बघितल्यावर, तुम्हाला हे आपसूक कळत होतं.

तुमच्याकडे चड्डी ओली झाली की ‘शू झाली ना, चल बदलू’ एवढंच ऐकू येतं. आवाज चढत नाही, बाकीच्या मुलांसमोर चर्चा होत नाही. धाकटा झाला तेव्हा ती पुन्हा चड्ड्या ओल्या करू लागली, तेव्हाही तुम्ही तशाच वागलात. घरात नवं बाळ आलं की असं होतं, तिला जवळ घ्या, काही दिवस आठवण करून देत राहा, म्हणालात. तसं केलं, आणि हळूहळू ते थांबलं.

रात्री ती अजून डायपर घालते, आणि त्याची आम्हाला काळजी वाटत नाही. रात्री शू कमी तयार व्हायला शरीरातल्या एका हार्मोनची साथ लागते आणि मूत्राशय भरल्यावर जागही यावी लागते. यातलं काही शिकवून येत नाही. पाच वर्षांच्या आधी अंथरूण ओलं होण्याला डॉक्टरही आजार म्हणत नाहीत. दिवस आणि रात्र वेगळी मोजा, हे तुमचंच सांगणं.

धाकटा आता रांगतो आहे. थोड्याच दिवसांत तोही तुमच्याकडे येईल. काय बघायचं ते आता मला ठाऊक आहे, तरी त्याच्या वेळीही आधी तुम्हालाच विचारणार आहे.

मनापासून आभार, मावशी.

तुमची,
दोन मुलांची आई