बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राहते घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मयत मुलाची पत्नी यांना बक्षीस द्यायची झाल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार सोडला तर, फक्त 200 रुपये आहे. सवलत चांगलीच आहे. पण तिच्यामुळे 'मृत्युपत्र कशाला, आत्ताच नावावर करून टाका' असा आग्रह घरोघरी वाढला आहे, आणि आईवडील ज्या छापील मसुद्यावर अंगठा किंवा सही करतात त्यात त्यांच्या सांभाळाबद्दल बहुतेक वेळा एक ओळही नसते. उलट 'यापुढे सदर मिळकतीत माझा कोणताही हक्क वा हितसंबंध राहिलेला नाही' हे वाक्य मात्र हमखास असते.

आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठीचा 2007 चा कायदा आपल्या पाठीशी आहे, एवढे आता अनेकांना माहीत असते. त्यातले कलम 23 नेमके काय म्हणते, हे माहीत नसते. 60 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीने, हा कायदा लागू झाल्यानंतर, मिळकत बक्षीस किंवा अन्य मार्गाने दिली. घेणाऱ्याने मूलभूत सुविधा व शारीरिक गरजा पुरवाव्यात अशी अट त्या हस्तांतराला होती. आणि घेणाऱ्याने ते नाकारले किंवा टाळले, तर ते हस्तांतर फसवणुकीने वा दडपणाखाली झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. सगळा भार 'अट होती' या दोन शब्दांवर आहे.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये एका आईचा असा अर्ज फेटाळला. तिने हक्कसोडपत्र करून दिले होते, पण ते सांभाळाच्या अटीवर दिल्याचे अर्जात म्हटलेले नव्हते आणि सिद्धही झालेले नव्हते. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या दुसऱ्या आईचे बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द केले, मिळकतीचा ताबाही तिला परत द्यायला सांगितला. तिथे सांभाळाचा उल्लेख दस्तात होता, शिवाय मुलाने वेगळे वचनपत्र लिहून दिले होते. हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचला पाहिजे, असे न्यायालयाने त्या निकालात स्पष्ट केले. म्हणून लेखी अट नाही तर सगळे संपले, असे नाही. पण सत्तरीतल्या बाईने तोंडी शब्द सिद्ध करत बसावे, अशी वेळ आणायचीच कशाला?

दस्तात पुढील मजकूर घालावा: 'लिहून घेणार यांनी लिहून देणार यांना तहयात याच घरात राहू द्यावे व त्यांचे अन्न, वस्त्र, औषधोपचार, मूलभूत सुविधा व शारीरिक गरजा पुरवाव्यात, या अटीवर हे बक्षीस दिले आहे. यात कसूर झाल्यास सन 2007 च्या अधिनियमाच्या कलम 23 प्रमाणे हे बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा अधिकार लिहून देणार यांना राहील.' याच्या जोडीला तहयात राहण्याचा आणि भाडे वा पीक घेण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवता येतो. तेवढ्याने बक्षीसपत्र अवैध ठरत नाही. वडील गेल्यावर वारस लावताना आईकडून जे हक्कसोडपत्र घेतात, तिथे तर ही अट अधिक गरजेची आहे. ते दस्त 'नुसती सही' म्हणूनच उरकले जातात.

आणि मिळकत आपल्या पश्चात मुलांना मिळावी एवढाच हेतू असेल, तर मृत्युपत्र पुरेसे आहे. ते हयातीत कधीही बदलता येते. बक्षीसपत्र एकदा स्वीकारले गेले की देणाऱ्याच्या नुसत्या इच्छेने मागे घेता येत नाही.

चरितार्थाचा दावा मात्र वेगळा आहे. त्याला दस्त लागत नाही, आणि आईवडिलांना साठीची अटही नाही. स्वतःचे उत्पन्न किंवा मिळकत यांवर गुजराण होत नसली की पुरे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. वयाचा व पत्त्याचा पुरावा, उत्पन्न आणि औषधांचा महिन्याचा खर्च, तसेच सर्व सज्ञान मुलामुलींची नावे व सध्याचे पत्ते द्यावेत. मुलीही कायद्याने तितक्याच बांधील आहेत. एकाच मुलावर अर्ज केला तर तो इतरांना सामील करून घेण्याची मागणी करू शकतो, आणि तारखा वाढतात. निकालासाठी 90 दिवसांची मुदत (फार तर आणखी 30) नोटीस बजावल्यापासून मोजली जाते. जुना पत्ता दिला की नोटीस परत येते आणि मुदत सुरूच होत नाही. आमच्या पाहण्यातल्या बऱ्याच अर्जांचा वेळ इथेच जातो. निकाल लागेपर्यंत अंतरिम रक्कम मागता येते, ती अर्जातच मागावी. आदेशानंतरही पैसे आले नाहीत, तर रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. ही मुदत चुकली की त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. निकाल विरोधात गेला तर 60 दिवसांत अपील करता येते.

कायद्यातली कमाल रक्कम अजून महिना 10,000 रुपयेच आहे. ती मर्यादा काढणारे विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आले आणि 2024 मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच बारगळले. ते पुन्हा आणायला हवे, आणि त्यासाठी आपल्या खासदारांनी बोलले पाहिजे.

पण राज्य सरकारला दिल्लीची वाट न पाहता करता येण्यासारखे एक काम आहे. कायद्याची व्यापक प्रसिद्धी करणे हे कलम 21 प्रमाणे राज्याचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयाइतकी योग्य जागा दुसरी नाही. साठीपुढची व्यक्ती बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र नोंदवायला आली, की 'सांभाळाची अट घालायची आहे का?' हा प्रश्न तिला एकटीला, घेणाऱ्यापासून बाजूला घेऊन विचारावा आणि तिचे उत्तर दस्तासोबत नोंदवावे. नोंदणी महानिरीक्षकांनी तसे परिपत्रक काढावे आणि नमुना मसुद्यात वरील अट छापून द्यावी. नको असेल त्यांनी ती खोडावी.

आपले,
ज्येष्ठ नागरिकांना अर्ज व दस्तांसाठी मदत करणारे काही वाचक, सातारा