गिंकोचे दाणे मोजून खायचे

इनाझावा, आइची (जपान)
७ डिसेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर घाईत एवढंच सांगितलं, की ताईबरोबर पाठवलेलं गिंकोच्या दाण्यांचं पाकीट चिमीच्या हाती लागू देऊ नकोस. तू "बरं" म्हणालास, पण मागून काकूंचा आवाज आला, "चेडवाक एक दाणो दिलो तर काय होतला?" त्यांचं चुकलं नाही. खाऊ घरात आला की पहिला घास पोराला, हीच आपली रीत. ते पाकीट पाठवताना चिठ्ठी जोडायला हवी होती, ती मी जोडली नाही. त्याची रुखरुख लागून राहिली म्हणून आज नीट लिहायला बसलो.

आधी तेच सांगतो. गिंको म्हणजे इकडचं एक झाड, त्याच्या बीच्या दाण्यात एक द्रव्य असतं, ते ब-६ जीवनसत्त्वासारखं दिसतं आणि शरीरात त्याच्या आड येतं. मेंदूतल्या पेशींना शांत ठेवणारं एक रसायन बनायला ब-६ लागतं. ते कमी पडलं की उलट्या होतात आणि पुढे फिट्ससारखे झटके येतात. खाल्ल्यावर तासाभरात, कधी बारा तासांनीही. उकडून किंवा भाजून हे द्रव्य जात नाही, त्यामुळे शिजवलंय म्हणून निर्धास्त राहता येत नाही. मोठ्या माणसाला त्रास व्हायला सहसा पुष्कळ दाणे लागतात, पण लहान मुलांना सातेक दाण्यांनीही झाल्याची नोंद इथे आहे. युद्धानंतर अन्नाची टंचाई होती त्या काळात अशी विषबाधा जपानमध्ये बरीच झाली. जुनी माणसं म्हणतात, वयाच्या आकड्यापेक्षा जास्त दाणे खाऊ नयेत. पण चार वर्षांच्या मुलीला त्या हिशोबाने चार दाणेही देऊ नकोस. चिमीला एकही नाही. काकूंना माझ्या नावाने सांग. चुकून कधी खाल्लेच तर लगेच दवाखान्यात न्या आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा, कारण यावर ब-६ हाच उपाय असतो.

आता तुझा प्रश्न. पाकिटाचा फोटो पाठवून तू विचारलं होतंस, "ह्यो कसल्यो रे आठळ्यो?" दत्ता, इतकं बरोबर मला स्वतःलाही सुचलं नव्हतं. इथे त्याला गिन्नान म्हणतात. चव भाजलेल्या फणसाच्या आठळीच्या जवळची, पण दाताला जास्त चिकट आणि शेवटी किंचित कडसर. अंगानेही आठळीच आहे. शंभर ग्रॅम कच्च्या गरात सुमारे १८० उष्मांक, त्यात पिष्टमय भाग ३७-३८ ग्रॅम, प्रथिनं चारेक ग्रॅम आणि स्निग्धांश दोन ग्रॅमही नाही. आपल्या काजूत तोच स्निग्धांश चाळीसच्या वर जातो. पोटॅशियम चांगलं असतं, थोडं क जीवनसत्त्वही असतं. पण सात-आठ दाणे म्हणजे जेमतेम वीस ग्रॅम, त्यातून पोषण ते किती मिळणार? ताकदीसाठी म्हणून खायचा हा पदार्थच नव्हे.

माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर सोबुए आहे. तिथे गिंकोची दहा हजारांच्या आसपास झाडं आहेत. घरांच्या आणि देवळांच्या भोवती ती मुळात वाऱ्याला आडोसा म्हणून लावली, कारण हिवाळ्यात इबुकी डोंगरावरून खाली येणारा वारा अंग कापून काढतो. आपल्याकडे किनाऱ्याला सुरूची झाडं लावतात, तसंच. पुढे त्याच झाडांचे दाणे मोठे आणि चांगले निघाले, मग निवडक मादी झाडांची कलमं झाली. चिनी लिपीत या झाडाचं एक नाव 'आजा-नातू वृक्ष' असं लिहितात, आज्याने लावावं आणि नातवाने खावं इतका वेळ लागतो म्हणून. कलमाने तो वेळ वाचला. वेंगुर्ल्याच्या माणसाला कलमाचं महत्त्व मी काय सांगू! नोव्हेंबरच्या अखेरीला यामाझाकी स्टेशनावर उतरलं की सगळा गाव हळदीने माखल्यासारखा पिवळा दिसतो. तो तुला एकदा दाखवायचाच आहे.

पण त्या पिवळ्या पानांखाली काय असतं तेही ऐक. पिकलेलं बी बाहेरून जर्दाळूसारखं दिसतं आणि पायाखाली फुटलं की भयंकर वास सुटतो. खवट लोण्यात असतं तेच ब्युटिरिक आम्ल. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींना मदत करायला गेलो आणि हातमोजे न घालता दोन बादल्या गोळा केल्या. तिसऱ्या दिवशी बोटांपासून मनगटापर्यंत पुरळ, खाज आणि सूज. आजी हळहळल्या. मला मात्र हे ओळखीचं वाटलं. लहानपणी ओले काजूगर सोलताना हाताला राख आणि खोबरेल लावायचो, तरी कातडी निघायची, आठवतं? नंतर वाचलं तर गिंकोच्या बीवरच्या गरातलं आम्ल आणि काजूच्या टरफलातल्या तेलातलं आम्ल एकाच घराण्यातली निघाली. इतक्या लांब येऊन घरचाच चीक हाताला लागला, या विचाराने त्या रात्री मला झोप आली नाही. तुम्हा सगळ्यांची फार आठवण झाली.

आजी तो गर पाण्यात कुजवून, हातमोजे घालून धुतात आणि बिया उन्हात वाळवतात. पांढरं कवच फोडायला मधे खाच असलेला चिमटा मिळतो, थेट आपला अडकित्ता. मग उथळ पाण्यात उकळत ठेवून डावाच्या पाठीने हलके घोळवलं की आतली तपकिरी साल सुटते. ऑगस्ट-सप्टेंबरातले कोवळे दाणे हिरवेगार निघतात, पुढे पिवळे होत जातात. घाई असेल तर दहा-बारा बिया चिमूटभर मिठाबरोबर कागदी लिफाफ्यात घालून, तोंड दुमडून मायक्रोवेव्हमध्ये ठेवायच्या. दोन-तीन फुटल्याचा आवाज आला की झालं.

इथे ते काडीला टोचून निखाऱ्यावर भाजतात, वर फक्त मीठ. मला सगळ्यात आवडतं ते चवानमुशी. अंडं आणि माशाचा पातळ रस एकत्र वाफवतात. थरथर खरवसासारखी, चव मात्र खारी. तळाशी एक-दोन गिन्नान असतात आणि चमचा तिथवर पोचेपर्यंत ते दिसत नाहीत. चीनमध्ये ते तांदळाच्या पेजेत घालतात, सिचुआनच्या छिंगचंग डोंगराकडे कोंबडीबरोबर शिजवतात, तर सिंगापूरचे तेओच्यू लोक अरवीच्या जातीच्या कंदाच्या गोड लगद्यावर ठेवतात. पण कुठेही बघ, वाटी भरून कोणी वाढत नाही. आपण काजूची उसळ ओरपतो तसा हा प्रकार नाही. मला यातली हीच गोष्ट आवडते.

तुझ्या पाकिटातले दाणे उकडलेलेच आहेत. पाण्याने धुऊन तुपावर मिठाबरोबर परत, किंवा उकड्या तांदळाच्या पेजेत शेवटी टाक. तू आणि वहिनी, दोघांना पाच-सहा पुरेत.

काकूंच्या विसराळूपणावर याचा उपयोग होईल का, असंही तू विचारलंस. खोटी आशा मी तुला देणार नाही. स्मरणासाठी विकतात त्या गोळ्या पानांच्या अर्काच्या, या दाण्यांचा त्याच्याशी संबंध नाही. आणि त्या अर्काचाही अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, पंचाहत्तरीच्या आसपासची आणि पुढची ३,०६९ माणसं घेऊन. २००८ साली निष्कर्ष आला, की स्मृतिभ्रंश त्याने टळला नाही. शिवाय काकूंना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसलं काही आणू नकोस. त्यापेक्षा संध्याकाळी त्यांच्याजवळ बस आणि जुन्या गोष्टी काढ. काकू काजूच्या बोंडूंच्या दिवसांबद्दल अजून तासभर बोलतात, मी फोनवर ऐकलंय.

पाकीट फोडलंस की उरलेले दाणे डब्यात घालून फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात ठेव, चिमीचा हात पोचणार नाही असे. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. मार्चमध्ये मी येतोय, तेव्हा काजूगर सोलायला राख तयार ठेव.

काकूंना नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिमीला पापा.

तुझा,
सुधीर