किनारी कामिनो सपाट आहे, सोपा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोर्तुगालमधल्या पोर्तोपासून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थापर्यंत समुद्राकाठाने पायी जायची वाट म्हणजे किनारी कामिनो. या यात्रेबद्दल हल्ली मराठीत बरंच छापून येतं. सुमारे 280 किलोमीटरची वाट, बहुतेक सपाट, डाव्या हाताला अटलांटिक, तेव्हा नवख्यांनी हीच धरावी, असा एकूण सूर. चढ फारसे नाहीत हे खरं. पण तिथे चढाची जागा वारा घेतो, आणि त्याबद्दल ओळभरही नसते.

उन्हाळ्यात या किनाऱ्यावर 'नोर्तादा' नावाचा उत्तरेचा वारा वाहतो. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांकडे हवेचा दाब जास्त, स्पेन-पोर्तुगालच्या तापलेल्या भूमीवर कमी, म्हणून वारा उत्तरेकडून किनारा धरून येतो. यात्रेकरूही उत्तरेलाच निघालेला, त्यामुळे वारा थेट तोंडावर. सकाळी मंद, दुपारी जोरात, रात्री पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. सकाळी तासाला साडेचार किलोमीटर चालणारा दुपारी तीनवर येतो तो यामुळे. 25 किलोमीटरचा टप्पा असेल तर सहाला निघून एकच्या आत मुक्काम गाठावा.

पोव्हुआ द वर्झीं ते एस्पोझेंदे हा पट्टा सगळ्यात उघडा. अपुलियाच्या वाळूच्या टेकड्यांवर जुन्या पवनचक्क्या ओळीने उभ्या आहेत, त्या काही शोभेसाठी बांधल्या नव्हत्या. एस्तेलाचे शेतकरी तर वाळूत खोल खाचर खणून त्यात भाजी पिकवतात आणि कडेच्या उतारावर द्राक्षवेल चढवतात. तळाशी ओल मिळते, वाराही अडतो. दुपारी वारा उठला की समुद्रालगतची लाकडी फळ्यांची वाट सोडावी आणि याच शेतांतून, गावांतून जाणारी आतली वाट धरावी.

सामानात पहिली चूक पोंचोची, म्हणजे डोक्यावरून घालायच्या सैल रेनकोटाची. आषाढीच्या वारीत प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेतला की भागतं. इथे पोंचो शिडासारखा फुगतो नाहीतर तोंडावर येतो. अंगाबरोबर बसणारं जॅकेट घ्या. सॅकचं वरचं कव्हर उडून जातं, म्हणून सामान आतच जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा. टोपीला हनुवटीखाली दोरी हवी. काठ्यांना रबरी टोपणं लावा, नाहीतर टोक फळ्यांच्या फटीत अडकून काठी वाकते. दर दोन तासांनी बूट-मोजे काढून झटका. टाचेखाली वाळूचे चार कण राहिले तरी संध्याकाळी फोड येतो. गार वाऱ्यात ऊन जाणवत नाही, पण कान आणि मान भाजून निघतात. कपडे वाळत घालायला चिमटे नकोत, सेफ्टी पिना न्या.

खरी अडचण कमीन्या या सीमेवरच्या पोर्तुगीज गावी. तिथून मिन्यो नदी ओलांडून स्पेनमध्ये जायला लहान मोटारबोटी आहेत, पण नदीच्या मुखाशी वारा आणि लाटा वाढल्या की त्या सुटत नाहीत. मग नदीकाठाने वर विला नोव्हा द सर्व्हैराच्या पुलापर्यंत चालावं लागतं. यासाठी एक दिवस हाताशी ठेवूनच परतीचं तिकीट काढावं. पलीकडे ओयापासून बायोनापर्यंत, विशेषतः सिलेरोच्या भूशिराला, पुन्हा आडोसा नाही. रेदोन्देलाला ही वाट आतल्या पोर्तुगीज वाटेला मिळते, तिथून वाऱ्याचा त्रास कमी.

अंदाज पाहताना वाऱ्याच्या सरासरी वेगावर जाऊ नये, झोतांचा आकडा पाहावा. पोर्तुगीजमध्ये 'रजादा', स्पॅनिशमध्ये 'राचा' या शब्दासमोर तो असतो.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे