भावाचा वाटा आणि वेदीवरचं सपीठ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वाटणीत धाकट्या भावाच्या हिश्श्यातली जमीन तू दाबलीस, ते देवापुढे कबूल केलंस आणि आता विचारतोस, ‘ख्रिस्ताने माझं पाप वाहिलं, मग भावाला सांगायलाच हवं का?’ बायबलमधलं लेवीय हे अर्पणांच्या नियमांचं पुस्तक वाचायला घेतलंस, पण रक्त आणि चरबीच्या वर्णनाने मन उडालं, असंही लिहितोस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तू पुस्तक मिटलंस तिथून दोनच पानं पुढे आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चौथ्या अध्यायात पापार्पणाची रीत आहे. साध्या माणसाच्या हातून नकळत पाप घडलं, तर त्याने निर्दोष बकरी किंवा मेंढी आणायची, तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि तिला स्वतःच वधायचं. याजकाचं, म्हणजे पुरोहिताचं, काम त्यानंतर: बोटाने रक्त वेदीच्या शिंगांना लावायचं, उरलेलं पायथ्याशी ओतायचं, चरबीचा होम करायचा. ज्याचं पाप, त्याच्याच हाताखाली ते जनावर शेवटचं हलत असे. पापाने जीव जातो हे त्याला कुणी वेगळं सांगावं लागत नव्हतं. अधिकाऱ्याला बकरा, तर अभिषिक्त याजकाला गोऱ्हा. याजकाच्या पापासाठी रक्त बाहेरच्या वेदीवर थांबत नसे. ते दर्शनमंडपात, म्हणजे देवाच्या भेटीच्या तंबूत, नेऊन अंतरपटासमोर सात वेळा शिंपडत, धूपवेदीच्या शिंगांना लावत, आणि जनावराचा उरलेला देह छावणीबाहेर नेऊन जाळत. अधिकार जितका मोठा, तितकं पाप पवित्रस्थानात आत शिरतं, असंच मी हे वाचतो.

पाचवा अध्याय मात्र सावकाश वाच. बकरीची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले: एक पापार्पणाला, दुसरं होमार्पणाला. तेही परवडत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे आजच्या मापाने साधारण दोन लिटर. त्यावर तेल घालायचं नाही, ऊद ठेवायचा नाही, कारण ते पापार्पण आहे, आनंदाचं अन्नार्पण नव्हे. याजक त्यातलं मूठभर घेऊन वेदीवरच्या इतर हव्यांवर जाळी. म्हणजे ज्याच्याकडे वधायला जीवच नव्हता, त्याचं पीठही त्याच आगीत, इतरांच्या अर्पणांवर पडत होतं. आणि अधिकाऱ्याच्या बकऱ्यानंतर जे वचन येतं, तेच या मूठभर पिठानंतर: त्याची क्षमा होईल. येशूच्या जन्मानंतर मरीयेच्या शुद्धीकरणासाठी कोकराऐवजी पाखरांचंच अर्पण झालं, असं लूक सांगतो. क्षमेचा हा गरिबाचा दरवाजा येशूच्या घराला ओळखीचा होता.

या व्यवस्थेला हद्दही होती. हात उगारून, देवाला धुडकावून केलेल्या पापाला बायबलमधल्याच गणना या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात अर्पण नाही. खुनाला आणि व्यभिचारालाही वैयक्तिक अर्पण कुठे नेमलेलं नाही. दावीद राजाने दोन्ही केले होते. म्हणूनच 51व्या स्तोत्रात तो म्हणतो, तुला यज्ञ हवा असता तर मी तो दिला असता. त्याच्यापाशी द्यायला भंगलेल्या हृदयाशिवाय काही उरलं नव्हतं. प्रायश्चित्ताच्या दिवशी, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, महायाजक सगळ्या लोकांची पापं बकऱ्याच्या डोक्यावर कबूल करून त्याला रानात सोडी. पण पुढच्या वर्षी तो दिवस पुन्हा येई. इब्री लोकांस पत्र लिहिणारा नेमकं यावर बोट ठेवतो: याजक रोज उभा असतो, कारण त्याचं काम संपत नाही, ख्रिस्त एकदाच अर्पण करून बसला. वेशीबाहेरचा वधस्तंभ आणि छावणीबाहेर जळणारा तो देह यांचा संबंधही तेच पत्र जोडतं. मोशेच्या नियमशास्त्राने जे सुटत नव्हतं तेही इथे सुटतं, असं प्रेषित पौल पिसिदियातल्या अंत्युखिया शहरात यहुद्यांना आणि देवाचं भय बाळगणाऱ्या परराष्ट्रीयांना एकत्रच सांगतो. इथे गोऱ्हा आणि पीठ अशा पायऱ्याही नाहीत. सगळ्यांसाठी एकच अर्पण.

आता तुझी बाब. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात शेजाऱ्याची ठेव नाकारणं, लुबाडणं, खोटी शपथ घेणं ही पापं आली आहेत. क्रम बघ: मूळ वस्तू पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा, आणि दोषार्पणाचा मेंढा आणायचा त्याच दिवशी ते मालकाच्या हाती. दहा गुंठे दाबले असतील तर बारा. येशूने हे सैल केलं नाही. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, असं तो म्हणाला. तो हे गालीलात बोलत होता, वेदी यरुशलेमात होती, आणि मध्ये शंभराहून अधिक किलोमीटरची पायवाट. ऐकणाऱ्यांना या परतीच्या वाटेचा अर्थ बरोबर कळला असणार.

पण परतफेड ही क्षमेची किंमत समजू नकोस. वधस्तंभावरच्या चोराचे हात अडकलेले होते, त्याला काहीच परत करता आलं नाही. जकातदार जक्कयाने लुबाडलेल्याच्या चौपट द्यायचं कबूल केलं. दोघांनाही येशूने तारण ‘आज’च असल्याचं सांगितलं. फरक इतकाच की जक्कयाचे हात मोकळे होते, आणि तुझेही मोकळे आहेत.

तेव्हा भावाकडे एकटा जा. किती जमीन, कोणत्या वर्षापासून, तिचं उत्पन्न किती खाल्लंस, हे आकड्यात सांग. ‘चुकलं असेल तर’ असा शब्दप्रयोग नको. नोंदणीकृत दस्त कर, फेरफार होऊन सातबाऱ्यावर त्याचं नाव येईपर्यंत पाठपुरावा कर. जमिनीचे लहान तुकडे करू न देणारा तुकडेबंदी कायदा आडवा आला तर आजच्या बाजारभावाने रक्कम दे. त्याच बैठकीत ‘आता माफ कर’ म्हणू नकोस. देणं आणि क्षमा मागणं एकत्र आलं की समोरच्याला तो सौदा वाटतो. तो रागावला तर ऐकून घे. त्याला वर्षही लागेल, तो त्याचा हक्क आहे.

हिशेबाचा कागद आधी मला पाठव. उत्पन्नाचे आकडे आपण दोघे मिळून पाहू.

तुझाच,
मित्र